पंडिता रमाबाई आणि शोकाचे ओझे

चांदा शहरात अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहा राजाची समाधी विशेष भव्य असून ती त्याच्या मागे राहिलेल्या राणी हिराईने बांधविली, हे आपल्या जिल्ह्यातील बहुतेकांस ठाऊक आहे. तिकडे भामरागडाच्या रानात गेले असता माडिया बांधवांनी आपल्या मयतांच्या नावाने उभ्या केलेल्या शिळा दृष्टीस पडतात. राणीचा घुमट आणि रानातील अनघड दगड ह्यांत द्रव्याचे अंतर मोठे आहे. परंतु दोहोंच्या मागचे हृदय एकच आहे. आपले माणूस गेले, त्याचे नाव पुसले जाऊ नये, आणि आपल्या दुःखास कोठेतरी टेकावयास जागा मिळावी, ही इच्छा राजवाड्यात व झोपडीत सारखीच असते.

मग ख्रिस्ती मनुष्याने आपल्या शोकाचे काय करावे? ह्याविषयी आपल्या मंडळ्यांत बराच घोटाळा दिसतो. कित्येकांस असे वाटते की, विश्वासणाऱ्याने रडणे म्हणजे पुनरुत्थानाच्या आशेस कमीपणा आणणे होय. म्हणून मयताच्या घरी जाऊन ते विधवेस गप्प राहण्यास सांगतात आणि तिचे अश्रू थांबले म्हणजे आपले काम झाले असे समजतात. परंतु लाजराच्या कबरेपाशी प्रभु येशू स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे त्यास ठाऊक होते, तरीही तो रडला. तेव्हा अश्रू हे अविश्वासाचे चिन्ह आहे असे कोणी म्हणू नये.

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज उपदेशरूपाने न देता एका जीवनचरित्राच्या द्वारे देऊ इच्छितो. ज्या बाईविषयी आम्ही लिहीत आहो तिचे नाव आपल्या ख्रिस्ती घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. पंडिता रमाबाई ह्यांची विद्वत्ता व त्यांचे केडगावचे कार्य पुष्कळांनी वर्णिले आहे. परंतु त्यांचे आयुष्य आरंभापासून शेवटापर्यंत किती मरणांतून गेले, आणि ते ओझे त्यांनी कसे वाहिले, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. ती जागा हल्ली कर्नाटक राज्यात आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा जन्म रानाच्या कडेस झाला आहे. तेव्हा वाघाच्या डरकाळीने जागे होणाऱ्या घराची कल्पना त्यांस सांगावी लागणार नाही. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीस ही विद्या देणे त्या काळच्या लोकांस रुचले नाही. त्यांचा विरोध सोसून शास्त्रीबोवांनी रानात घर बांधिले आणि तेथे विद्यार्थी ठेवून शिकविण्यास आरंभ केला. पुढे द्रव्य संपले. रमा सहा महिन्यांची असताना त्या कुटुंबाने घर सोडले, आणि त्या तान्ह्या मुलीस वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून रानाबाहेर नेण्यात आले. तेव्हापासून ती मंडळी तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगत आणि जे दान मिळे त्यावर निर्वाह करीत. आईने चालता चालता रमेस संस्कृत शिकविले. ह्या मुलीस शाळा अशी कधी मिळाली नाही. आईचे तोंड हीच तिची शाळा.

रमा सोळा वर्षांची झाली त्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. वडील वृद्ध होऊन त्यांची दृष्टी गेली होती. जवळचा पैसा, भांडी, वस्त्रे सर्व विकून झाली. मजुरी करण्याची सवय नाही व भीक मागण्याची लाज वाटते, अशा स्थितीत सर्वांनी तिरुपतीकडील रानात जाऊन मरावे असे ठरविले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडांची पाने व रानातली थोडी फळे ह्यांवर काढिले. शेवटी वडिलांनी पवित्र तळ्यात देह सोडण्याचा विचार केला. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि आपण हलके काम करून सर्वांस पोसू असे त्याने सांगितले. परंतु उशीर झाला होता. १८७४ साली अनंतशास्त्री निवर्तले. मरणापूर्वी त्यांनी आपल्या धाकट्या मुलीस जवळ घेऊन देवाच्या हाती सोपविले, ही गोष्ट रमाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत.

पुढे काही महिन्यांच्या आत आई व थोरली बहीणही गेली. आईचे मरण रायचूर येथे झाले. ती तापाने व उपासाने अंथरुणास खिळली असून खावयास मागत होती. रमा शेजारच्या बाईच्या दारी भाकर मागावयास गेली; परंतु तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने तिच्या चेहऱ्यावरून ओळखून भाकर दिली. रमेने ती आईपुढे ठेविली, पण आईस आता ती खाण्याची शक्ती राहिली नव्हती.

ह्यापुढची गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. आईचे प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. मुलगा एक, बाहेरचे दोन ब्राह्मण मोठ्या कष्टाने आले, आणि चौथा खांदा कोणाचाच नव्हता. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. शेवटी ती सोळा वर्षांची मुलगीच तिरडीस लागली. इतरांपेक्षा ती ठेंगणी असल्यामुळे खांद्याने भागेना, म्हणून तिने आपल्या बाजूचे टोक डोक्यावर घेतले आणि आपल्या आईस ती तीन मैल घेऊन गेली.

ख्रिस्ती झाल्यामुळे भाऊबंदांनी संबंध तोडलेली घरे आपल्या मंडळ्यांतही आहेत. खांदा देण्यास माणूस न मिळणे म्हणजे काय, हे त्यांस ठाऊक आहे. मरणाचे दुःख एक आणि त्या दुःखात एकटे पडण्याचे दुःख दुसरे; रमाबाईंनी कोवळ्या वयातच ही दोन्ही सोशिली.

आता बहीणभाऊ दोघेच राहिली. त्यांनी पायी सारा हिंदुस्थान पालथा घातला. त्यांचे चालणे सुमारे चार हजार मैल झाले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पुरते वस्त्र नसल्यामुळे ती दोघे वाळूत खड्डे खणून त्यांत निजत आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेत. हे उपास, ही व्रते आणि ह्या यात्रा करूनही आईबाप वाचले नाहीत व मनास शांती मिळाली नाही, असे त्यांस दिसून आले; आणि बाळपणापासून धरिलेली श्रद्धा हळूहळू ढिली झाली. शोक मनुष्यास देवाजवळच नेतो असे आपण सहज बोलतो. परंतु पुष्कळदा तो प्रथम मनुष्यास रिकामे करितो. रमाबाईंचे तसेच झाले, आणि ती रिकामी वर्षे त्यांनी आपल्या साक्षीत लपविली नाहीत.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ह्या तरुण मुलीचे संस्कृत ऐकून तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सभांतून तिची व्याख्याने होऊ लागली. परंतु हा मान पाहून ज्यांचे हृदय भरून आले असते ती आई व तो बाप आता नव्हते. आणि १८८० साली डाक्का येथे भाऊ श्रीनिवास आजारी पडून मरण पावला. आईच्या तिरडीस ज्याने दुसऱ्या बाजूने खांदा दिला होता, तोही गेला.

त्याच वर्षी रमाबाईंनी भावाचे स्नेही बिपिनबिहारी दास मेधावी ह्यांच्याशी विवाह केला. ते बंगाली असून वकिली करीत. जात निराळी, प्रांत निराळा. त्यामुळे पुष्कळ लोकांनी त्यांस दूर केले. आसामकडील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ च्या एप्रिलात त्यांस कन्या झाली. तिचे नाव मनोरमा ठेविले. ह्याच घरात बाईंच्या हाती बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची प्रत आली व ती त्यांस आवडली. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीच्या रोगाने मृत्यू पावले. लग्नास पुरी दोन वर्षेही झाली नव्हती. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच बाईंनी आईबाप, बहीण, भाऊ व पती ह्या सर्वांस पोहोचविले होते, आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

त्या काळी विधवेची काय अवस्था होती हे सांगावयास नको. तिचे केस काढीत, तिला एक वेळ अन्न देत, शुभकार्यात तिची सावली नको म्हणत, आणि पतीच्या मरणाचा दोषही तिच्याच कपाळी मारीत. रमाबाईंस सासरच्या घरी कोपऱ्यात बसून राहणे भाग पडले नाही. परंतु आपल्यासारख्या लाखो स्त्रिया त्या कोपऱ्यात आहेत हे त्यांनी पाहिले. त्याच वर्षी त्या महाराष्ट्रात पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रियांच्या शिक्षणाविषयी सरकारने नेमिलेल्या हंटर कमिशनापुढे साक्ष दिली, आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले.

१८८३ साली मुलीस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. बरोबर गेलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिचा त्या परक्या देशात थोड्याच दिवसांत शोचनीय रीतीने अंत झाला. म्हणजे समुद्रापलीकडेही मरण त्यांच्या आधी जाऊन उभे होते. वाँटेजच्या भगिनी पतित स्त्रियांची जी सेवा करीत ती पाहून आणि शोमरोनी स्त्रीशी प्रभु येशूने केलेले भाषण वाचून, स्त्रियांस खरा उद्धारक कोण हे बाईंच्या ध्यानात आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वैद्यकी शिकून यावे असा त्यांचा हेतू होता. परंतु कानांनी नीट ऐकू येईना, म्हणून ती आशाही सोडावी लागली.

ह्या ठिकाणी उपदेशक बंधूंस आम्ही एक गोष्ट सुचवू इच्छितो. आईच्या मरणापासून बाप्तिस्म्यापर्यंत सुमारे नऊ वर्षे गेली. आणि बाप्तिस्म्याबरोबर बाईंच्या मनातील सर्व काळोख गेला असेही झाले नाही. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळावयाचा होता, असा आशय त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितला आहे. ती खरी शांती त्यांस १८९१ च्या सुमारास प्राप्त झाली. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या व तळमळीच्या बाईस इतकी वर्षे लागली. मग आपल्या मंडळीतील एखाद्या आईचे मूल सर्पदंशाने गेल्यावर महिन्याभरात तिने हसतमुखाने उपासनेस यावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधाराने करितो?

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास बाई अमेरिकेत गेल्या. हिंदुस्थानातील ही पहिल्यावहिल्या स्त्रीडॉक्टरांपैकी एक. परंतु स्वदेशी येताच १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने ती वारली. त्याच वर्षी बाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी आपले प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक लिहिले. ते वाचून अमेरिकेतील लोकांनी बॉस्टन येथे मंडळ स्थापून विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे पत्करिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्यातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही होय. तिनेच पुढे, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला.

शारदासदन १८९० साली पुण्यास नेले. परंतु काही मुली बाईंबरोबर प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली मोठा क्षोभ झाला. पूर्वी साहाय्य करणारे पुढारी दूर झाले व बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. माणसे मरणानेच दुरावतात असे नाही. जिवंत असूनही दुरावतात, आणि तोही एक शोकच होय. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी तो सोशिला आहे. बाईंनी भांडत न बसता, जी मुले उरली त्यांस शिकविणे चालू ठेविले. बॉस्टनच्या साहाय्याची मुदत पुढे संपणार हे जाणून पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लाविली.

आता आपल्या प्रांताचा संबंध येतो. १८९६ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या वेळी एकच चांदा जिल्हा असून मध्यप्रांतातच मोडत होते. त्या प्रांतातील मुली व तरुण विधवा उपासाने मरत आहेत आणि दुष्ट लोक त्यांस फूस लावून नेत आहेत, ही वार्ता रमाबाईंच्या कानी आली. हे ऐकताच बावीस वर्षांमागील तो दुष्काळ, रानातील ते अकरा दिवस आणि आईपुढे पडून राहिलेली ती भाकर त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तसे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. जवळ पैसा थोडा होता. तरी त्या स्वतः निघाल्या, मध्यप्रांताच्या उत्तरेकडील जिल्ह्यांत हिंडल्या, आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींस गोळा करून घेऊन आल्या. त्यांची संख्या हळूहळू तीनशेच्या सुमारास गेली. पुण्यात प्लेगामुळे त्यांस ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. ह्यातूनच मुक्तिसदन निर्माण झाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या स्मृतीने एखादे मन कायमचे कडू झाले असते, त्याच स्मृतीने बाईंस वाट दाखविली. आपली आई परत मिळावी असा उपाय त्यांच्या हाती नव्हता; परंतु दुसऱ्या कोणाच्या आईपुढे भाकर वेळेवर पोहोचविणे हाती होते. त्यांनी तेवढे केले. आईबापांच्या मरणाचे कारण काय, देवाने असे का होऊ दिले, ह्याचा उलगडा झाल्यावर मग काम करू, असे म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत.

१९०० सालच्या गुजराथेतील दुष्काळानंतर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांकरिता कृपासदन, वृद्ध बायांकरिता प्रीतिसदन, अनाथ मुलांकरिता सदानंदसदन आणि आंधळ्यांकरिता बार्तिमयाच्या नावाने एक घर, अशी निरनिराळी घरे झाली. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयाची लिपी मनोरमाबाईंनी शिकविली. शेती, विणकाम, तेलाची घाणी, दूधदुभते, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच करीत. शोकाने खचलेल्या मनुष्यास पोटभर अन्न, हातास काम आणि आपले म्हणणारे माणूस ह्या तीन गोष्टी लागतात, हे बाईंनी अनुभवाने ओळखले होते. उपदेश व प्रार्थना तेथे रोज असे. परंतु उपाशी मुलीच्या हाती पुस्तकाआधी ताट देण्यात येई.

तथापि मुक्तीतही मरण थांबले नाही. दुष्काळातून आणिलेल्या पुष्कळ मुली इतक्या क्षीण झालेल्या होत्या की, आश्रय मिळाल्यावरही त्या वाचल्या नाहीत. ज्यांस वाचविण्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांच्याच कबरा खणाव्या लागल्या. तरी प्रत्येकीस खांदा देण्यास तेथे बहिणी होत्या. रायचूरच्या वाटेवर जे ह्या बाईस मिळाले नव्हते, ते तिने शेकडो अनाथांस मिळवून दिले.

वाढत्या वयात बाईंनी इब्री व हेल्लेणी भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. खेड्यातील अडाणी बाईसही ते समजावे हा त्यांचा हेतू. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे, सर्व मुक्तीतील मुलींच्या हातचे. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद हे पदक दिले. मनोरमाबाई पदवीधर होऊन शाळेचे काम पाहत होत्या. आईच्या मागे हा सर्व भार त्याच उचलतील अशी सर्वांची खात्री होती.

परंतु २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या दवाखान्यात मनोरमाबाई वारल्या. त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. सिल्चरच्या त्या घरातून कडेवर आणिलेले, पतीची शेवटची खूण असे हे एकच रक्ताचे माणूस बाईंस उरले होते. आता त्या त्रेसष्ट वर्षांच्या असून कानांनी जवळजवळ बहिऱ्या व शरीराने थकलेल्या होत्या. ह्या घावाने त्यांची प्रकृती ढासळली. विश्वास दृढ असला म्हणजे घाव लागत नाही, असे त्यांचे चरित्र सांगत नाही. घाव खोल लागला. परंतु भाषांतराच्या छपाईचे कागद तपासणे त्यांनी सोडिले नाही. ते काम शेवटास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी प्रभूच्या ठायी विश्रांती घेतली. मुलीच्या मागे त्या नऊ महिनेही राहिल्या नाहीत. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले, आणि केडगावचे मुक्ती मिशन निराधार स्त्रिया व मुले ह्यांची सेवा आजही करीत आहे.

आता ह्या चरित्रापासून आपल्या लहान मंडळ्यांनी काय घ्यावे, हे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट खांद्याची. ज्या गावी ख्रिस्ती घरे दोनतीनच आहेत तेथे मरण झाले असता, शेजारच्या गावच्या मंडळीने निरोप मिळताच निघावे. धान कापणी असो की तेंदूपानांचा हंगाम असो, त्या दिवशी काम बाजूस ठेवावे. मयत ख्रिस्ती नसून शेजारी असला तरीही जावे. ज्याच्या दारी आपण दुःखात गेलो तो आपले तोंडी भाषण विसरेल, पण आपला खांदा विसरणार नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. वाघाने नवरा मारिला, हिवतापाने मूल गेले, अशा घरी बसून देवाने हे अमुक कारणासाठी केले, असे कोणी सांगू नये. देवाचे मन आपण वाचिलेले नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने बसले तोवर त्यांचे बरे चालले होते. ते कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. उपदेशकाने बसावे, ऐकावे, मयताचे नाव घ्यावे, लहानशी प्रार्थना करावी आणि पुन्हा यावे.

तिसरी गोष्ट भाकरीची. अंत्यविधीच्या दिवशी सर्व जण येतात. पुढच्या महिन्यात कोणी येत नाही, आणि धान्याची कणगी तेव्हाच रिकामी होते. मंडळीतील वडिलांनी विधवेच्या घरातील दाणा पाहावा, तिचा बांध नांगरून द्यावा, मुलांची शाळा सुटू देऊ नये. वन्य पशूच्या हल्ल्यात मनुष्य दगावल्यास वनखात्याकडून भरपाई मिळते, आणि निराधार विधवांकरिता सरकारी अनुदान आहे. परंतु मृत्यूच्या दाखल्यापासून सर्व कागद करावे लागतात. ज्यास लिहिता वाचता येते त्याने तिच्याबरोबर तहसील कचेरीत जावे. हीही सुवार्तेचीच सेवा होय.

चौथी गोष्ट काळाची. शोकास घाई करू नये. रमाबाईंस शांती मिळावयास किती वर्षे लागली हे वर सांगितलेच आहे. आणि शांती मिळाल्यावरही एकुलत्या एक मुलीच्या मरणाने त्या हेलावल्या. म्हणून मयताची तिथी ध्यानात ठेवावी, आणि त्या दिवशी, वर्ष झाले असो की पाच वर्षे, त्या घरी जाऊन यावे. एखादी बहीण उपासनेस येऊन नुसती मागे बसत असेल, गाणे म्हणत नसेल, तर तिला बसू द्यावे. तिच्या वतीने आपण गावे.

आणि जे आज स्वतः शोकात आहेत त्यांस आम्ही एवढेच सांगतो की, ह्या बाईचे ओझे कधी नाहीसे झाले नाही. आईची तिरडी जिने डोक्यावर वाहिली, तिने पुढे अठ्ठेचाळीस वर्षे आपला शोक वाहिला. परंतु त्या ओझ्याखाली तिचे डोळे भुईस खिळले नाहीत. ज्याने कबरेपाशी अश्रू गाळिले व जो स्वतः कबरेतून उठला, त्याच्या आधाराने ती चालत राहिली आणि वाटेत जे पडलेले दिसले त्यांस उठवीत गेली. आपण फार चालू शकत नसलो तर आज एका शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालावे. तोच प्रभु तुमच्या घरी बसलेल्या दुःखाजवळ बसो, आणि योग्य समयी तुमचा हात धरून तुम्हांस उठवो.